आवाज ठीक

झाडाच्या बुंध्यावर लाकडी मोगरी मारायची, कान द्यायचा आणि आतून ते धड आहे की पोखरलंय ते सांगायचं, हे काम शहराच्या उद्यान खात्यात एकाच माणसाला येत होतं. त्या माणसाला सगळे मुकादम म्हणत. त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि तिथंच राहिलं होतं. शेजारीपाजारीही दारात येऊन "मुकादम आहेत का?" असंच विचारत, आणि बायको आतून ओरडायची, "आहेत, पण कान अजून झाडापाशीच ठेवून आलेत. जरा मोठ्यानं बोला!"

मुकादम फार बोलत नसत. झाड तपासून झालं की मोगरी काखेत धरायची, खिशातलं पेन काढायचं आणि रजिस्टरात दोन शब्द लिहायचे. ‘आवाज ठीक’ किंवा ‘आवाज पोकळ’. पोकळ लिहिलेल्या झाडावर गेरूची फुली यायची आणि पुढे कधीतरी ते कापलं जायचं. मुकादम झाल्यापासूनच्या अकरा वर्षांत त्यांची एकही फुली वाया गेली नव्हती. कापलेल्या प्रत्येक झाडाच्या पोटात हात जाईल एवढी पोकळी निघायचीच. कापणारे म्हणायचे, "मुकादम, एकदा आमच्या सासऱ्यांच्या डोक्यावर मोगरी मारून बघा ना. आमचा जुना संशय आहे."

‘ठीक’ लिहिलेली झाडं मात्र कोणी कापून बघत नाही. त्यामुळे ती बाजू कधी तपासली गेली नव्हती. ही साधी गोष्ट, पण मुकादमांच्याच काय, कोणाच्याच डोक्यात आली नव्हती.

त्या वर्षी खात्याच्या पैशांना मोठी कात्री लागली. तशी ती दरवर्षीच लागायची. मुकादम कामाला लागले तेव्हा एकेका बागेला चार चार माळी होते, आता सगळ्या शहराला मिळून नऊ उरले होते. एका बागेतल्या झोपाळ्याच्या साखळ्या काढून दुसऱ्या बागेत लावायच्या, तिसरीतलं बाक चौथीत न्यायचं, असा संसार चालला होता. पोहण्याचा तलाव आठवड्यातून तीनच दिवस उघडा असायचा. त्यात मोठ्या बागेतल्या सभागृहाच्या छताचा एक तुकडा दुपारच्या वेळी खाली आला. आत कोणी नव्हतं. सभागृहाला कुलूप लागलं, आणि दुरुस्तीचं पुढच्या वर्षी बघू असं ठरलं.

खात्याच्या अधीक्षक बाई हुशार होत्या आणि हट्टीही. सभागृहात चालणारे कार्यक्रम त्यांनी बंद होऊ दिले नाहीत. सकाळचा म्हाताऱ्या माणसांचा व्यायामवर्ग, दहा वाजता मुलांचं सुट्टीतलं शिबिर, संध्याकाळची बुद्धिबळाची टेबलं, सगळं त्यांनी उचलून त्याच बागेतल्या एका झाडाखाली आणलं. त्या झाडाला लोक छत्रीचं झाड म्हणत. त्याचा पसारा एवढा होता की भर दुपारी दीडशे माणसं सावलीत मावत.

"भाडं नाही, वीज नाही, गळणारं छत नाही," बाई बैठकीत म्हणाल्या. "मुकादम, या झाडाचं काय म्हणणं आहे?"

मुकादमांनी रजिस्टर उघडलं. "आवाज ठीक आहे बाई. पहिल्यापासून ठीक."

"झालं तर मग. आणि यंदा कापायला सहाच झाडांचे पैसे आहेत. सातवं सांगू नका, माझ्याकडे नाही."

मुकादमांच्या यादीत बावीस पोकळ झाडं होती. त्यांतली सहा निवडायची. आठ दिवस त्यांना जेवण गोड लागलं नाही. शाळेच्या फाटकावरचं एक, बसथांब्यावर कललेलं एक, दवाखान्याच्या भिंतीचं एक, अशी करत करत त्यांनी सहा निवडली. उरलेल्या सोळांखालून जाताना ते मान खाली घालून जायचे, एखाद्याला शब्द देऊन फिरवावा तसे. छत्रीचं झाड या हिशेबात कुठंच नव्हतं. तेवढ्या एका बाबतीत त्यांच्या जिवाला स्वस्थता होती.

व्यायामवर्गात त्यांची बायकोही जायची. गुडघे धरले होते म्हणून डॉक्टरांनी पाठवलं होतं. वर्ग घेणारे मास्तर शाळेतून निवृत्त झालेले होते आणि अजून सगळ्यांना पाचवीच्या वर्गासारखे दटावायचे. एका सकाळी घरी आल्यावर बायको चपला काढता काढता म्हणाली, "अहो, तुमच्या त्या छत्रीच्या झाडाला कान फुटलेत."

"म्हणजे?"

"बुंध्याशी, जमिनीलगत. तपकिरी, जाड, ताटलीएवढे. मास्तर म्हणतात, त्यावर चहाचा कप ठेवता येईल."

मुकादमांनी चहाचा कप खाली ठेवला आणि सायकल काढली.

ती अळिंबीच होती. एकावर एक तीन पाखं, कडेला पांढरी, ताजी. हे लक्षण काही त्यांना नवीन नव्हतं. आत काहीतरी कुजत असल्याशिवाय ही पाखं बाहेर येत नाहीत. त्यांनी मोगरी काढली आणि बुंध्याभोवती फिरून बारा ठिकाणी मारली. प्रत्येक ठिकाणी आवाज घट्ट आला. ठीक आला. इतका ठीक, की मोगरी हातातून परत उसळत होती.

ही उसळी त्यांच्या मनगटात राहिली. घरी गेल्यावरही ते मनगट चोळत होते. जिवंत लाकूड मोगरीचा मार थोडा पिऊन घेतं, असं त्यांना शिकवलं होतं. हे झाड काही पीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांना जमिनीतली भेग दिसली. झाडाच्या एका अंगाला, मुळांच्या वर, मातीत बोटभर रुंद फट होती. मुलांनी काठीनं उकरली असेल म्हणून त्यांनी ओली चिकणमाती आणून ती बुजवली, वरून हातानं गुळगुळीत केली. दुपारी बघितलं तर लिंपण मधोमध उललं होतं. उन्हानं असेल. त्यांनी पुन्हा बुजवली, वर ओलं पोतं टाकलं. सकाळी पोतं उचललं. पोत्याखाली माती ओलीच होती आणि फट होती तशी उघडी होती. वारा तर पानही हलवत नव्हता.

त्यांच्या पाठीमागे मास्तर ओरडत होते, "हात वर! अजून वर! झाडाला लावायचेत असं समजा!" चाळीस म्हाताऱ्या माणसांनी हात वर केले. त्यांत बायकोचेही होते.

"तू जरा कडेला उभी राहत जा," त्या दिवशी जेवताना मुकादम म्हणाले.

"का? मास्तर मला पहिल्या रांगेत घेतात. गुडघा आता पुरता वाकतो माझा."

"ऊन चांगलं असतं सकाळचं. हाडांना."

"तीस वर्षांत माझ्या हाडांची चौकशी केली नाहीत कधी," ती म्हणाली आणि हसली. मग त्यांच्या चेहऱ्याकडे बघून हसायची थांबली. "अहो, काय आहे?"

"काही नाही. आवाज ठीक आहे."

ते बाईंकडे गेले. बाईंच्या टेबलावर कागदांचे ढीग होते आणि एका ढिगावर गार झालेला चहा. मुकादमांनी अळिंबी सांगितली, भेग सांगितली. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"मोगरी काय म्हणते?"

"ठीक म्हणते."

"मागच्या वर्षी?"

"ठीकच. अकराही वर्षं ठीक."

"मुकादम, तुम्ही मला सांगा, मी काय करू?" बाई चिडल्या नव्हत्या, थकल्या होत्या. "तुमच्या सहातलं एक काढून हे घालायचं? कुठलं काढू? शाळेचं?"

मुकादमांनी खिशातली यादी काढली, सहाही ओळी वाचल्या आणि परत ठेवली.

"रविवारी शिबिराचा समारोप आहे. पालक येणार, नगरसेवक येणार. ही सावली आहे म्हणून हे कार्यक्रम आहेत. त्यांना दाखवलं नाही तर पुढच्या वर्षी तेही कापतील. तुमच्याच अक्षरात ‘ठीक’ लिहिलेल्या झाडाखालून मी लोकांना उठवू, तर कारण काय सांगू? तुम्हाला बरं वाटत नाहीये, हे?"

मुकादमांना स्वतःचंच अक्षर आडवं आलं होतं.

शनिवार कसाबसा गेला. रविवारी सकाळी बायको ठेवणीतली साडी नेसून लवकर बाहेर पडली. समारोपात व्यायामवर्गाचं प्रात्यक्षिक होतं, अकरा वाजता. मुकादमांनी तिला थांबवलं नाही. काय सांगून थांबवणार? ते बसमध्ये बसून शहराच्या दुसऱ्या टोकाला गेले. तिथं त्यांचे जुने मुकादम, ज्यांनी त्यांच्या हातात पहिल्यांदा मोगरी दिली, मुलाकडे राहत होते. थोरले मुकादम म्हणत त्यांना. वय सत्तरीच्या पुढे, ऐकू कमी, पण गॅलरीत पन्नास कुंड्या आणि एकाही पानावर धूळ नाही.

"काय रे, आज वाट चुकलास?" थोरले म्हणाले. "बस. कुंडीवर नको, स्टुलावर."

मुकादमांनी कानाशी तोंड नेऊन छत्रीच्या झाडाचं सगळं सांगितलं. पाखं, भेग, मोगरीची उसळी. थोरल्यांनी शेवटचं ऐकलं आणि दात नसलेल्या तोंडानं खदखदून हसले.

"उसळणारच की! दाढ भरलीय त्याची!"

"दाढ?"

"अरे, सिमेंट! विसरलास? तूच तर घमेली वाहिलीस. नवा लागला होतास तेव्हा. भिंतीच्या कामातली पोती उरली होती, साहेबांनी कुठंतरी वाचलं होतं, झाडाची पोकळी साफ करायची आणि सिमेंटनं बुजवायची म्हणून. दोन उन्हाळे तेच केलं आपण. छत्रीच्या झाडात माणूस उभा राहील एवढं भोक होतं. अठरा घमेली गेली त्यात. वरून साल अशी मिटली, अशी मिटली, की डाग राहिला नाही. लोक बघायला यायचे."

मुकादमांना घमेली आठवली. खांद्यावरचं ओझं आठवलं, सिमेंटनं फुटलेले हात आठवले. सव्वीस वर्षं झाली होती. शिडीवर थोरले चढायचे, ते खालून घमेलं द्यायचे. कुठल्या झाडाला देतोय हे त्या वयात कोण बघतं? त्या दोन उन्हाळ्यांत त्यांनी फक्त घमेली बघितली होती.

"पण काका, मग मोगरी—"

"भरलेल्या झाडाला मोगरी मारायची नसते. ती सिमेंटचा आवाज देते. झाडाचा कुठला? त्याच्या आसपास सगळं सडलं तरी ती ठीकच सांगणार. मी तसल्या झाडांना कधी मारलीच नाही. नुसता बघायचो." थोरल्यांचं हसू हळूहळू ओसरलं. "तू मारत होतास?"

"अकरा वर्षं."

"मला वाटलं, तुला ठाऊक आहे."

थोरल्यांनी एका कुंडीतलं सुकं पान खुडलं. मग मुकादमांनी विचारलं, "किती झाडं भरली आपण?"

"कोणी मोजली? पोती संपेस्तोवर भरली."

"कुठली कुठली?"

थोरल्यांनी डोळे मिटले, बोटं मोडली, तीन-चार बागांची नावं घेतली, मग परत बोटं उघडली. "नाही रे सांगता येत. साल मिटली ना."

मुकादम जिन्यावरून धावत उतरले. खाली येऊन बाईंना फोन लावला. उचलला नाही. बायकोला लावला. वाजत राहिला. सगळ्यांच्या पिशव्या त्या वेळी बुंध्याशी एका ढिगात ठेवलेल्या असतात, आणि फोन त्या पिशव्यांत, हे त्यांना ठाऊक होतं. बस मिळाली. बसमध्ये बसायला जागा होती पण ते उभेच राहिले. खिडकीतून रस्त्याकडेची झाडं एकामागून एक मागे जात होती, आणि कोणत्या झाडाकडे बघावं हे त्यांना कळत नव्हतं.

बागेत पोहोचले तेव्हा अकरा वाजून गेले होते. छत्रीच्या झाडाखाली दीड-दोनशे माणसं होती. पुढे सतरंजीवर मुलं, मागे खुर्च्यांवर पालक, आणि बुंध्याला अगदी लागून, पाठ झाडाकडे करून, व्यायामवर्गाच्या तीन रांगा. बायको पहिल्या रांगेत डाव्या बाजूला. बाईंच्या हातात माईक होता. मुकादमांची नजर भेगेकडे गेली. ओलं पोतं कोणीतरी नीटनेटकं दिसावं म्हणून उचलून नेलं होतं. भेगेत आता चार बोटं बसली असती.

आयुष्यात ते कधी चार माणसांपुढे बोलले नव्हते. ते सतरंजीच्या कडेनं वाट काढत गेले, एका मुलाच्या हातावर पाय पडला, मूल ओरडलं, लोक वळून बघायला लागले. बाईंनी माईक खाली केला.

"मुकादम? आत्ता?"

"बाई, मी चुकीचं लिहिलंय."

"काय?"

"आवाज ठीक लिहिलंय ते. तो झाडाचा आवाज नाही. आत सिमेंट आहे. आम्हीच भरलंय. लोकांना उठवा."

"किती दिवस चुकीचं लिहिलंत?"

"अकरा वर्षं."

माईक पुरता खाली गेला नव्हता. शेवटचे शब्द सगळ्यांनी ऐकले. मागून कोणीतरी हसलं. नगरसेवकांनी घड्याळ बघितलं. बाईंनी मुकादमांकडे बघितलं, मग मान वर करून झाडाकडे, बराच वेळ. आणि मग माईक तोंडाशी नेऊन शांतपणे म्हणाल्या, "सगळ्यांनी उठा. सामान राहू द्या. मुलं आधी. पळायचं नाही. मैदानात, उन्हात."

"या उन्हात? मॅडम, मुलं भाजतील!"

"काय पोरखेळ आहे हा!"

"डोकं पोकळ झालंय वाटतं मुकादमांचं!"

मुकादमांच्या बायकोनं शेजारच्या दोघींचे दंड धरले आणि मास्तरांवर ओरडली, "मास्तर, चला! रांग मोडली तरी चालेल आज!"

उरलेला समारोप उन्हात झाला आणि दहा मिनिटांत आटोपला. झाड उभंच होतं. दुपारी उभं होतं, संध्याकाळी उभं होतं. झाडाभोवती सुंभ बांधलेला होता तरी लोक त्याच्याखालून वाकून सावलीत शिरत, आणि मुकादम त्यांना हात जोडून बाहेर काढत. एक गृहस्थ म्हणाले, "अहो, पडायचं असतं तर पडलं नसतं का आत्तापर्यंत?" मुकादमांनी त्यांनाही हात जोडले. हेच वाक्य ते गेल्या काही रात्री स्वतःला म्हणत होते.

सोमवारी सुताराकडून मोठं गिरमिट आणलं. बाई स्वतः समोर उभ्या राहिल्या. मुकादमांनी पातं सालीत घातलं आणि फिरवलं. चार बोटं आत जायला जोरच लागला नाही. भोकातून आधी काळा, ओला, कुबट वासाचा चोथा आला. मग पातं करकरलं आणि राखाडी भुकटी गळायला लागली. बाईंनी ती चिमटीत घेतली, चोळली, आणि रुमालाला बोटं पुसली.

"त्या सहांतलं, शाळेचं सोडून, एक कमी करा," त्या म्हणाल्या. "हे उद्या."

मंगळवारी कापणारे आले. झाडावर चढायला कोणी तयार होईना, म्हणून वरच्या फांदीला दोर टाकून लांबून ओढायचं ठरलं. दोर ताणण्यासाठी सहा जणांनी तो नुसता हातात घेतला होता. कोणी ओढला नव्हता. आधी जमिनीखाली ओलं कापड फाटल्यासारखा आवाज झाला. मग ते सगळं झाड, फांद्या, पानं, पसारा, एकाच कुशीवर गेलं. जिथं व्यायामवर्गाच्या तीन रांगा उभ्या होत्या, तिकडेच. धूळ खाली बसायला वेळ लागला.

धूळ बसली तेव्हा बुंध्याच्या जागी सिमेंटचा खांब उभा होता. पुरुषभर उंच, करडा, ओला, अंगावर लाकडाच्या रेषा उठलेल्या. भोवतीचं झाड गेलं तरी तो तसाच होता. कापणाऱ्यांपैकी एकानं जाऊन त्याला मोगरी मारली. आवाज घट्ट आला.

त्या दिवशी कोणी विनोद केला नाही.

बाईंनी रजिस्टर मागवलं. जुन्या बागांमधली ‘आवाज ठीक’ लिहिलेली झाडं मोजली तर तीनशे बारा भरली. वाऱ्याचे दिवस तीन आठवड्यांवर आले होते. गिरमिट एक होतं. दुसरं घ्यायचं तर मंजुरी लागणार होती.

"दिवसाला किती होतील?"

"आठ. फार तर नऊ."

बाईंनी गुणाकार केला नाही. दोघांनीही मनात केला होता.

"कुठून सुरू करायचं ते तुम्ही ठरवा," त्या म्हणाल्या. "आणि मुकादम, जे लिहाल ते बघून लिहा. ऐकून नको."

बुधवारी सकाळी मुकादम गिरमिट सायकलला बांधून निघाले. बायको बरोबर होती. व्यायामवर्गानं कोणाला न विचारता आपली जागा बदलली होती. तळ्याच्या काठी एक जुनं झाड होतं, छत्रीएवढं नाही, पण सावली दाट. मास्तरांनी तिथं रांगा लावल्याही होत्या. "या, या!" त्यांनी लांबूनच हाक मारली. "मुकादम, याला तरी काही झालेलं नाही ना? आमची शाळा कितीदा बदलायची?"

रजिस्टरात या झाडापुढे अकरा वेळा ‘ठीक’ होतं. साल नितळ होती, पाखं नव्हती, जमिनीत भेग नव्हती. मुकादमांनी इथूनच सुरुवात करायचं ठरवलं होतं, कारण माणसं इथं होती. त्यांनी सायकल उभी केली, गिरमिट सोडलं आणि पातं सालीवर टेकवलं. बायको पिशवी धरून शेजारी उभी राहिली.

एक बोट. दोन बोटं. लाकूड पांढरं निघालं, सुकं, चांगलं. मास्तर मागे आकडे मोजत होते. तीन बोटं. मुकादमांनी श्वास सोडला. चौथ्या बोटाला पातं हलकं झालं, आपोआप आत गेल्यासारखं, आणि पाचव्याला करकरलं.

मुकादमांचे हात थांबले. बायकोनं त्यांच्या बोटांवर गळलेली करडी भुकटी बघितली. पिशवी खाली ठेवली आणि वळून रांगांकडे चालू लागली, लोकांना उठवायला.